पॅट्रिशिया हायस्मिथ

पॅट्रिशिया हायस्मिथ (जन्म : १९ जानेवारी १९२१, फोर्ट वर्थ, टेक्सास, मृत्यू : ४ फेब्रुवारी १९९५, लोकार्नो, स्वित्झर्लंड) या इंग्रजीत लेखन करणाऱ्या अमेरिकन कादंबरीकार व कथाकार होत्या. मानसशास्त्रीय थरारकथा या प्रकाराला वाङ्मयीन प्रतिष्ठा मिळवून देणाऱ्या लेखकांत त्यांची गणना होते. त्यांनी एकूण २२ कादंबऱ्या आणि अनेक कथा लिहिल्या. 'स्ट्रेंजर्स ऑन अ ट्रेन' (१९५०) ही त्यांची पहिली कादंबरी आणि टॉम रिप्ली या पात्रावरील पाच कादंबऱ्यांची मालिका जगभर वाचली गेली. एखाद्याच्या मागे लागलेला, त्याचे घर, संसार आणि मनःशांती पोखरणारा वेडझपाट माणूस हा त्यांच्या लेखनातील सर्वांत ठळक विषय आहे. खून कोणी केला, हे शोधण्यात हायस्मिथ यांना फारसा रस नव्हता. पाठलाग करणाऱ्याच्या मनात काय चालते आणि ज्याचा पाठलाग होतो त्याचे काय होते, हा त्यांच्या कुतूहलाचा विषय होता.

जन्म आणि बालपण

हायस्मिथ यांचे जन्मनाव मेरी पॅट्रिशिया प्लँगमन असे होते. वडील जे बर्नार्ड प्लँगमन आणि आई मेरी कोट्स हे दोघेही व्यवसायाने चित्रकार होते. मुलीच्या जन्माच्या काही दिवस आधीच त्यांचा घटस्फोट झाला. आजीचे फोर्ट वर्थमध्ये भाडेकरू ठेवण्याचे घर होते. तेथेच पॅट्रिशिया यांचा जन्म झाला आणि आजीनेच त्यांना लहानपणी वाचायला शिकवले. आईने १९२४ मध्ये स्टॅनली हायस्मिथ या चित्रकाराशी दुसरा विवाह केला. सावत्र वडिलांचे आडनाव पुढे पॅट्रिशिया यांना लागले, परंतु त्यांच्याविषयी आपुलकी त्यांना कधी वाटली नाही. १९२७ मध्ये हे कुटुंब न्यूयॉर्क येथे राहावयास गेले.

गर्भारपणात आपण टर्पेंटाइन पिऊन गर्भ पाडण्याचा प्रयत्न केला होता, असे आईने पुढे मुलीला सांगितले होते. ही गोष्ट हायस्मिथ यांनी अनेकदा इतरांना ऐकवली. १९३३ मध्ये, वयाच्या बाराव्या वर्षी, आईने त्यांना वर्षभरासाठी पुन्हा टेक्सासला आजीकडे ठेवले. आई आपल्याला टाकून गेली, ही भावना त्या वर्षी त्यांच्या मनात घर करून बसली. याच सुमारास त्यांनी आपल्या जन्मदात्या वडिलांना पहिल्यांदा पाहिले. आईशी असलेले प्रेम आणि द्वेष यांचे गुंतागुंतीचे नाते आयुष्यभर टिकले. हव्या असलेल्या माणसाने दूर लोटावे आणि तरीही त्याच्याकडेच ओढ घेत राहावे, ही अवस्था त्यांच्या कितीतरी पात्रांच्या वाट्याला आली आहे. तिचे मूळ अभ्यासक या नात्यात शोधतात.

आठ-नऊ वर्षांच्या असताना त्यांच्या हाती मनोविकारतज्ज्ञ कार्ल मेनिंजर यांचे 'द ह्यूमन माइंड' हे पुस्तक आले. चोरीची अनिवार ओढ असलेली, आगी लावणारी, भ्रमिष्ट माणसे त्यात रुग्णांच्या हकिकतींमधून भेटतात. वरकरणी शेजारीपाजारी वावरणाऱ्या सर्वसामान्य माणसांसारखी ही माणसे असू शकतात, या जाणिवेने त्यांच्या कल्पनाशक्तीला चालना दिली. पुढे त्यांनी रंगविलेले बहुतेक गुन्हेगार अशाच सभ्य, नोकरदार आणि नीटनेटक्या माणसांच्या रूपात अवतरले.

शिक्षण आणि आरंभीचे लेखन

न्यूयॉर्क येथील ज्युलिया रिचमन हायस्कूलमध्ये शालेय शिक्षण घेऊन त्या बर्नार्ड महाविद्यालयात दाखल झाल्या आणि १९४२ मध्ये पदवीधर झाल्या. इंग्रजी लेखन, नाट्यलेखन आणि लघुकथा हे त्यांचे अभ्यासविषय होते. पदवीनंतर नामांकित मासिकांत नोकरी मिळविण्याचे त्यांचे प्रयत्न फळाला आले नाहीत. तेव्हा त्यांनी चित्रकथांसाठी मजकूर लिहिण्याचे काम पत्करले आणि १९४८ पर्यंत त्यावर उपजीविका केली. त्या काळच्या चित्रकथांतील नायक बहुधा दुहेरी आयुष्य जगत: दिवसा साधा नागरिक आणि रात्री मुखवटा धारण केलेला वीर. हायस्मिथ यांनी या कामाचा पुढे फारसा उल्लेख केला नाही. मात्र दोन नावांनी, दोन घरांत, दोन आयुष्ये जगणारी माणसे त्यांच्या कादंबऱ्यांत पुन्हा पुन्हा येतात.

'द हिरोइन' ही त्यांची कथा १९४५ मध्ये 'हार्पर्स बझार' या मासिकात प्रसिद्ध झाली. एका श्रीमंत घरात मुलांना सांभाळणारी तरुणी त्या कुटुंबावर इतका जीव लावते, की आपली निष्ठा सिद्ध करण्यासाठी ती घरालाच आग लावते. प्रेमाच्या अतिरेकातून जन्मणारा विध्वंस हे त्यांच्या पुढील लेखनाचे सूत्र या पहिल्या गाजलेल्या कथेतच स्पष्ट दिसते.

लेखक ट्रूमन कपोटी यांच्या शिफारशीने १९४८ मध्ये त्यांना साराटोगा स्प्रिंग्ज येथील 'याडो' या कलावंतांच्या निवासस्थानी दोन महिने राहावयास मिळाले. पहिल्या कादंबरीला तेथेच आकार आला. या उपकाराची जाण त्यांनी अखेरपर्यंत ठेवली.

'स्ट्रेंजर्स ऑन अ ट्रेन'

ही कादंबरी १९५० मध्ये प्रकाशित झाली. गाय हेन्स हा तरुण वास्तुविशारद आगगाडीच्या प्रवासात चार्ल्स ब्रूनो या श्रीमंत, रिकामटेकड्या तरुणाला भेटतो. गायला आपल्या पत्नीपासून सुटका हवी असते आणि ब्रूनोला आपला बाप नकोसा झालेला असतो. दोघांनी एकमेकांसाठी खून केल्यास पोलिसांना हेतू सापडणार नाही, अशी कल्पना ब्रूनो मांडतो. गाय ती हसण्यावारी नेतो. ब्रूनो मात्र गायच्या पत्नीचा खून करून मोकळा होतो आणि परतफेड मागू लागतो.

इथून पुढे कादंबरीचा खरा विषय सुरू होतो. ब्रूनो पत्रे पाठवतो, फोन करतो, रस्त्यात उभा राहतो. गाय आणि अॅन यांच्या विवाहाला तो आमंत्रणावाचून हजर होतो आणि पुढे त्यांच्या नव्या घरातही येऊ-जाऊ लागतो. अॅनला या पाहुण्याचा अर्थ कळत नाही आणि गायला तो सांगता येत नाही. नवराबायकोच्या मधोमध एक न बोललेली गोष्ट येऊन बसते. हळूहळू गाय खचतो आणि ब्रूनोच्या बापाचा खून करतो. ब्रूनोचा गायवरील जीव खरा आहे आणि तोच सर्वनाशाला कारण होतो, असे या कादंबरीचे विलक्षण रसायन आहे. ब्रूनो बुडू लागतो, तेव्हा त्याला वाचविण्यासाठी गाय पाण्यात उडी घेतो. पाठलाग करणारा आणि सावज यांच्यातील बंध तोपर्यंत दोन्ही बाजूंनी घट्ट झालेला असतो.

आल्फ्रेड हिचकॉक यांनी आपले नाव उघड न करता अवघ्या ७,५०० डॉलरना या कादंबरीचे हक्क विकत घेतले आणि १९५१ मध्ये त्यावर चित्रपट काढला. चित्रपटात गाय टेनिसपटू आहे आणि तो खून करीत नाही. या बदलामुळे नायक निर्दोष राहिला, पण कोणताही सभ्य माणूस सतत दबावाखाली ठेवल्यास खुनापर्यंत जाऊ शकतो, हे मूळ कादंबरीचे अस्वस्थ करणारे प्रतिपादन बाजूला पडले. चित्रपटाच्या यशाने हायस्मिथ यांचे नाव मात्र सर्वतोमुखी झाले.

खेळण्यांच्या दुकानातील प्रसंग

पाठलाग हा विषय हायस्मिथ यांच्याकडे केवळ कल्पनेतून आलेला नव्हता. त्यांचा ओढा स्त्रियांकडे होता. त्या काळच्या अमेरिकेत समलिंगी आकर्षण हा मानसिक आजार समजला जात असे. एका लेखकाशी विवाह करण्याचा विचार करीत असताना आपल्यात बदल घडावा म्हणून त्या १९४८ च्या अखेरीस मनोविश्लेषकाकडे जाऊ लागल्या. या उपचारांचा खर्च भागविण्यासाठी त्यांनी नाताळच्या हंगामात न्यूयॉर्कमधील ब्लूमिंगडेल्स या मोठ्या दुकानाच्या खेळणी विभागात तात्पुरती नोकरी धरली. डिसेंबरमध्ये एक सोनेरी केसांची, फरचा कोट घातलेली विवाहित स्त्री मुलीसाठी बाहुली घेण्यास आली. खरेदी घरपोच पाठवावयाची असल्याने तिने नाव व पत्ता लिहून दिला आणि ती निघून गेली. भेट काही मिनिटांचीच होती. त्याच संध्याकाळी हायस्मिथ यांनी घरी जाऊन सुमारे दोन तासांत एका कादंबरीचा आराखडा लिहून काढला. पाठोपाठ त्यांना कांजिण्यांचा ताप भरला.

ही कादंबरी लिहीत असताना, १९५० मध्ये, त्या आगगाडीने न्यूजर्सी राज्यातील त्या स्त्रीच्या गावी गेल्या आणि दुरून तिचे घर शोधून परत आल्या. पुढच्या वर्षी त्यांनी पुन्हा अशी एक फेरी केली. त्या तिच्याशी कधीही बोलल्या नाहीत आणि आपल्यावर कोणाची नजर आहे, हे त्या स्त्रीला समजले नाही. या फेऱ्यांची नोंद त्यांनी आपल्या दैनंदिनीत केली असून, त्या वेळी स्वतःच्या मनात उठलेल्या हिंस्र भावनाही लपविलेल्या नाहीत. परक्याच्या संसाराबाहेर उभे राहून आत पाहणाऱ्या माणसाला काय वाटते, हे त्यांनी अशा रीतीने स्वतः अनुभवले होते. पुढील कादंबऱ्यांचे वेगळेपण समजून घेताना ही गोष्ट विसरता येत नाही.

या प्रसंगातून जन्मलेली 'द प्राइस ऑफ सॉल्ट' ही कादंबरी १९५२ मध्ये क्लेअर मॉर्गन या टोपणनावाने प्रसिद्ध झाली. दुकानात काम करणारी तरुण थेरीझ आणि घटस्फोटाच्या उंबरठ्यावर असलेली कॅरोल यांची ही प्रेमकथा आहे. कॅरोलचा पती तिच्या मागावर गुप्तहेर पाठवतो आणि दोघींच्या प्रवासाचा पुरावा गोळा करून मुलीचा ताबा मिळवतो. पाळत ठेवणारा येथे कायद्याच्या आधाराने वागतो आणि जिच्यावर पाळत आहे तिलाच गुन्हेगार ठरवतो. असे असूनही कथेचा शेवट आशादायक आहे, आणि त्या काळात अशा विषयावरील कादंबरीत ही दुर्मीळ गोष्ट होती. स्वस्त आवृत्तीच्या लाखो प्रती खपल्या. १९९० मध्ये 'कॅरोल' या शीर्षकाखाली ही कादंबरी हायस्मिथ यांच्या स्वतःच्या नावाने पुन्हा प्रकाशित झाली.

पाठलाग आणि संसार : प्रमुख कादंबऱ्या

'द ब्लंडरर' (१९५४) या कादंबरीत दुःखी संसारात अडकलेला एक वकील पत्नीच्या खुनाचा संशय असलेल्या एका अनोळखी माणसाने झपाटला जातो आणि उगाचच त्याला जाऊन भेटतो. या कुतूहलाचे पर्यवसान दोघांच्याही विनाशात होते. 'डीप वॉटर' (१९५७) मध्ये पाठलाग करणारा स्वतः पतीच आहे. पत्नीच्या मित्रांना तो शांतपणे, हसतमुखाने नाहीसे करू लागतो.

या विषयाचे सर्वांत सखोल चित्रण 'दिस स्वीट सिकनेस' (१९६०) या कादंबरीत आढळते. डेव्हिड केल्सी हा एका कारखान्यात काम करणारा हुशार शास्त्रज्ञ आहे. आठवडाभर तो एका साध्या भाड्याच्या खोलीत राहतो आणि शनिवार-रविवार आजारी आईला भेटायला जातो, असे सर्वांना सांगतो. वास्तविक त्याची आई केव्हाच वारलेली असते. विल्यम न्यूमाइस्टर या खोट्या नावाने त्याने दुसऱ्या गावी घर घेतलेले असते आणि तेथे तो अॅनाबेल या तरुणीसोबत संसार मांडल्याची कल्पना करीत दोन दिवस घालवतो. घरातील प्रत्येक वस्तू त्याने तिच्या आवडीची म्हणून आणलेली आहे. अॅनाबेलने मात्र जेराल्ड डिलेनी याच्याशी विवाह केलेला आहे आणि तिला मूलही होते. डेव्हिडच्या दृष्टीने हा विवाह म्हणजे लवकरच दुरुस्त व्हावयाची एक चूक असते. आपल्या या अवस्थेला तो परिस्थिती असे साधे नाव देतो, जणू काही ती बाहेरून आलेली तात्पुरती अडचण आहे.

डेव्हिड पत्रे लिहितो, फोन करतो, दारात जाऊन उभा राहतो. अॅनाबेल त्याला ठामपणे नाकारण्याऐवजी समजुतीच्या सुरात बोलते आणि त्या प्रत्येक शब्दातून तो होकार काढतो. एकतर्फी प्रेमात सौजन्याचाही कसा विपरीत अर्थ लावला जातो, याचे इतके अचूक वर्णन क्वचितच आढळते. संतापलेला जेराल्ड पिस्तूल घेऊन डेव्हिडच्या घरी येतो आणि झटापटीत पडून मरण पावतो. डेव्हिड खोट्या नावाने पोलिसांत जबानी देतो. पतीचे अखेरचे क्षण कसे होते, हे जाणण्यासाठी अॅनाबेल त्या न्यूमाइस्टरला भेटू इच्छिते, आणि आपणच रचलेल्या दोन आयुष्यांच्या कात्रीत डेव्हिड सापडतो. पुढे अॅनाबेल दुसऱ्याशी विवाह करते. डेव्हिड पूर्णपणे भ्रमात बुडतो आणि आपल्या कल्पनेतील अॅनाबेलच्या सोबतीने न्यूयॉर्कच्या रस्त्यांवर भटकत अखेरीस उंच इमारतीवरून उडी घेतो.

कादंबरी सुरुवातीपासून शेवटपर्यंत डेव्हिडच्या दृष्टीतून सांगितलेली आहे. त्यामुळे वाचकाला त्याची घालमेल जवळून दिसते आणि काही काळ त्याच्याविषयी अनुकंपाही वाटते. परंतु या अनुकंपेची किंमत कोण चुकवते, याचा विसर लेखिका पडू देत नाही. डिलेनी दाम्पत्याचे लहानसे घर, तान्हे मूल, पतीचा वाढता संताप आणि पत्नीचा वाढता थकवा हे सारे डेव्हिडच्या नजरेला दिसूनही कळत नाही. वाचकाला मात्र ते कळते. ज्या काळात ही कादंबरी लिहिली गेली, त्या काळात अशा पिच्छा पुरवण्याला अमेरिकेत स्वतंत्र गुन्हा मानले जात नव्हते. प्रत्यक्ष हिंसा घडेपर्यंत त्रस्त दाम्पत्याला कायद्याचा विशेष आधार नसे. या स्वरूपाचा पहिला अमेरिकन कायदा कॅलिफोर्निया राज्याने १९९० मध्ये केला. त्याच्या ३० वर्षे आधी हायस्मिथ यांनी या वर्तनाचे टप्पे बारकाईने नोंदविले होते, हे लक्षणीय आहे.

'द क्राय ऑफ द आउल' (१९६२) मध्ये त्यांनी हीच मांडणी उलटी केली. घटस्फोटाच्या धक्क्याने खचलेला रॉबर्ट फॉरेस्टर रात्री झाडीत उभा राहून एका तरुणीला तिच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून पाहत असतो. तिच्या साध्या, सुखी घरगुती हालचाली पाहून त्याला शांत वाटते. एके दिवशी ती त्याला पाहते, पण आरडाओरडा न करता घरात बोलावते आणि त्याच्या प्रेमात पडते. मग तिचा नियोजित वर रॉबर्टच्या मागे लागतो आणि रॉबर्टची पूर्वपत्नी त्याला साथ देते. चोरून पाहणारा स्वतःच सावज बनतो, गाव त्याला गुन्हेगार ठरवते आणि एकामागून एक मृत्यू घडतात.

टॉम रिप्ली

'द टॅलेन्टेड मिस्टर रिप्ली' (१९५५) या कादंबरीने हायस्मिथ यांना सर्वाधिक कीर्ती मिळाली. टॉम रिप्ली हा गरीब, हुशार तरुण इटलीत राहणाऱ्या डिकी ग्रीनलीफ या श्रीमंत मुलाच्या आयुष्यावर इतका भाळतो, की त्याचा खून करून तो त्याचेच नाव, कपडे आणि सही धारण करतो. तो पकडला जात नाही. गुन्ह्याला शिक्षा झालीच पाहिजे, हा रहस्यकथेचा संकेत त्यांनी येथे निर्धास्तपणे मोडला. या कादंबरीला १९५७ मध्ये फ्रान्सचा रहस्यकथेसाठीचा 'ग्रां प्री' पुरस्कार मिळाला.

पुढे 'रिप्ली अंडर ग्राउंड' (१९७०), 'रिप्लीज गेम' (१९७४), 'द बॉय हू फॉलोड रिप्ली' (१९८०) आणि 'रिप्ली अंडर वॉटर' (१९९१) या कादंबऱ्या आल्या. त्यांत रिप्ली फ्रान्समधील एका काल्पनिक खेड्यात एलोईज या फ्रेंच पत्नीसह सुखवस्तू गृहस्थाचे जीवन जगतो. मालिकेतील शेवटच्या कादंबरीत प्रिचर्ड नावाचे अमेरिकन दाम्पत्य त्या खेड्यात येऊन राहते. डेव्हिड प्रिचर्ड रिप्लीच्या घराची छायाचित्रे काढतो, फोनवरून मृत डिकीचे नाव घेतो, रिप्ली पतीपत्नींच्या मागे थेट टँजिअरपर्यंत जातो आणि परतल्यावर एका जुन्या खुनातील प्रेताच्या शोधात परिसरातील कालवे उपसू लागतो. एके सकाळी हाडांचे गाठोडे रिप्लीच्या दारात येऊन पडते. दुसऱ्याचे आयुष्य बळकावणाऱ्या माणसाला येथे आपले घर आणि संसार राखावा लागतो. वाचक खुन्याच्या बाजूने उभा राहतो आणि खऱ्या गुन्ह्याचा छडा लावू पाहणारा प्रिचर्डच त्याला तिरस्करणीय वाटतो, कारण त्याला न्याय नको असून केवळ छळाचा आनंद हवा आहे. अखेरीस प्रिचर्ड दाम्पत्य आपल्याच तळ्यात बुडून मरते आणि रिप्ली त्यांना वाचवीत नाही. एलोईज फारसे काही विचारत नाही. तिच्या या मौनावरच त्यांचा संसार उभा आहे.

लेखनविषयक विचार

'प्लॉटिंग अँड रायटिंग सस्पेन्स फिक्शन' (१९६६) या पुस्तकात त्यांनी स्वतःच्या लेखनपद्धतीविषयी मोकळेपणाने लिहिले. कल्पनेचे बीज कोठेही सापडते, ते टिपणवहीत लगेच उतरवावे, आणि आपल्याला मनापासून आवडेल तेच लिहावे, असा त्यांचा सल्ला होता. आपली फसलेली कथानके आणि प्रकाशकांनी परत केलेली हस्तलिखिते यांचीही चर्चा त्यांनी केली आहे. गुन्हेगार काही काळ तरी मनाने स्वतंत्र असतो, म्हणून तो नाट्यदृष्ट्या अधिक वेधक ठरतो, असे त्यांचे मत होते. त्यांची भाषा साधी, कोरडी आणि अलंकारविरहित आहे. भीती निर्माण करण्यासाठी त्या अंधार, वादळ किंवा किंकाळ्या वापरत नाहीत. टपालात आलेले एक पत्र, वेळी-अवेळी वाजणारा फोन, फाटकाबाहेर थांबलेली मोटार एवढ्यावर त्यांचे काम भागते. कादंबरीकार ग्रॅहम ग्रीन यांनी त्यांच्या 'इलेव्हन' (१९७०) या कथासंग्रहाला प्रस्तावना लिहून त्यांच्या या सामर्थ्याचा गौरव केला.

युरोपातील वास्तव्य

१९६३ मध्ये हायस्मिथ यांनी अमेरिका कायमची सोडली. एका विवाहित इंग्रज स्त्रीवरील प्रेमामुळे त्या इंग्लंडमध्ये आल्या आणि सफोक परगण्यात काही वर्षे राहिल्या. 'द टू फेसेस ऑफ जानेवारी' या कादंबरीला १९६४ मध्ये ब्रिटिश रहस्यकथालेखकांच्या संघटनेचा पुरस्कार मिळाला. हे प्रेमप्रकरण संपल्यावर १९६७ मध्ये त्या फ्रान्सला गेल्या आणि फोंतेनब्लोच्या परिसरातील खेड्यांत राहिल्या. १९७८ मध्ये त्यांनी बर्लिन चित्रपट महोत्सवाच्या परीक्षक मंडळाचे अध्यक्षपद भूषविले. १९८० मध्ये फ्रेंच करखात्याच्या अधिकाऱ्यांनी त्यांच्या घराची झडती घेतली. या घटनेने त्या फार दुखावल्या आणि त्यानंतर त्यांनी स्वित्झर्लंडच्या तिचिनो प्रांताचा आश्रय घेतला. तेग्ना या गावी त्यांनी बांधून घेतलेले घर रस्त्याच्या बाजूने एखाद्या गढीसारखे बंदिस्त होते.

व्यक्तिमत्त्व

हायस्मिथ एकाकी स्वभावाच्या होत्या. त्यांची अनेक प्रेमप्रकरणे झाली, पण कोणतेही सहजीवन दीर्घकाळ टिकले नाही. मद्यपानाचे प्रमाण तरुणपणापासून मोठे होते. त्यांना मांजरांचा लळा होता आणि त्या गोगलगाई पाळत. एका मेजवानीला त्या हातपिशवीत लेट्यूसच्या पाल्यासह कितीतरी गोगलगाई घेऊन गेल्याची आठवण सांगितली जाते. गोगलगाईंवर त्यांनी कथाही लिहिल्या आहेत.

त्यांच्या ज्यूद्वेषी आणि वर्णद्वेषी मतांमुळे त्यांच्यावर तीव्र टीका झाली आहे. ही मते संभाषणातून, पत्रांतून आणि विशेषतः उत्तरायुष्यातील टिपणवह्यांतून व्यक्त झालेली असून, त्यांचे चरित्रकार ती झाकून ठेवत नाहीत. माणसाच्या मनाचे अंधारे कोपरे निर्भयपणे पाहणाऱ्या लेखिकेला स्वतःच्या पूर्वग्रहांकडे तसे पाहता आले नाही, हे त्यांच्या चरित्रातील मोठे वैगुण्य होय.

अखेर

अमेरिकेत त्यांच्या पुस्तकांना युरोपाच्या मानाने कमी वाचक लाभले. 'स्मॉल जी' या अखेरच्या कादंबरीचे हस्तलिखित त्यांच्या अमेरिकन प्रकाशकाने नाकारले. ती १९९५ मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर लगेचच, लंडनमध्ये प्रकाशित झाली. अप्लास्टिक रक्तक्षय आणि फुप्फुसाचा कर्करोग यांमुळे ४ फेब्रुवारी १९९५ रोजी लोकार्नोच्या रुग्णालयात वयाच्या ७४ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. त्यांच्या अस्थी तेग्ना येथील चर्चच्या आवारात ठेवण्यात आल्या. आपली मालमत्ता त्यांनी 'याडो' या संस्थेला दिली. त्यांची कागदपत्रे बर्न येथील स्विस साहित्य अभिलेखागारात आहेत.

मृत्यूनंतर त्यांच्या घरातील कपाटात १८ दैनंदिन्या आणि ३८ टिपणवह्या, मिळून सुमारे ८,००० पाने सापडली. त्यांतील निवडक भाग २०२१ मध्ये, त्यांच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, प्रसिद्ध झाला. इंग्रजीखेरीज फ्रेंच, जर्मन, स्पॅनिश व इटालियन या भाषांतही त्यांनी दैनंदिनी लिहिल्याचे त्यावरून दिसून आले.

चित्रपट व प्रभाव

हिचकॉक यांच्या चित्रपटानंतर रने क्लेमाँ यांनी रिप्लीच्या पहिल्या कादंबरीवर १९६० मध्ये 'प्लँ सोलेय' हा फ्रेंच चित्रपट काढला. त्यात आलाँ दलों यांनी रिप्लीची भूमिका केली. 'दिस स्वीट सिकनेस'वर आधारित 'अॅनाबेल' हा भाग हिचकॉक यांच्या दूरचित्रवाणी मालिकेत १९६२ मध्ये दाखविला गेला आणि क्लोद मिलेर यांनी याच कादंबरीवर १९७७ मध्ये फ्रेंच चित्रपट केला. त्यात झेरार दपार्दिय यांची मुख्य भूमिका होती. त्याच वर्षी विम वेंडर्स यांचा 'द अमेरिकन फ्रेंड' प्रदर्शित झाला. क्लोद शाब्रोल यांनी १९८७ मध्ये 'द क्राय ऑफ द आउल' पडद्यावर आणली. अँथनी मिंगेला यांचा 'द टॅलेन्टेड मिस्टर रिप्ली' (१९९९) आणि टॉड हेन्स यांचा 'कॅरोल' (२०१५) या चित्रपटांनी नव्या पिढीला त्यांच्या पुस्तकांकडे वळवले. २०२४ मध्ये रिप्लीवर आठ भागांची मालिकाही आली.

सुखी दाम्पत्याच्या दारात येऊन उभा राहणारा अनोळखी माणूस हे पात्र आज चित्रपटांत आणि मालिकांत सरसकट आढळते. बहुतेक ठिकाणी तो केवळ खलपुरुष असतो आणि त्याचा नाश झाला की कथा संपते. हायस्मिथ यांनी त्याला नाव, नोकरी, आठवणी आणि एकटेपण दिले. त्याच्या दुःखाला खरे मानले, पण त्या दुःखाने त्याला दुसऱ्याच्या घरात शिरण्याचा अधिकार मिळतो, हे मानले नाही. डेव्हिड केल्सी स्वतःला अखेरपर्यंत प्रेमिक समजतो, तर अॅनाबेलच्या वाट्याला वैधव्य येते. या दोन गोष्टी एकाच वेळी वाचकासमोर ठेवणे, ही त्यांच्या कादंबऱ्यांची मराठी वाचकालाही जाणवेल अशी खरी ताकद आहे.